लाईट गेली नव्हती

हो, लाईट गेली नव्हती. पंखा फिरत होता, सगळ्यांना दिसत होता, तिसरीतल्या एका पोरीने उभं राहून सांगितलं पण, "टीचर, फॅन चालूय." २०१७ ला चर्चच्या शिबिरात मुलांना लिटल बॉय सिनेमा दाखवताना मधेच प्रोजेक्टरची पिन मीच काढली होती, आणि लाईट गेली म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर मी कधी म्हटलं वायर लूज होती, कधी म्हटलं लॅपटॉप तापला, एकदा तर जेवणाची वेळ झाली होती म्हणूनही सांगितलं, आणि तेव्हा सकाळचे साडेअकरा पण वाजले नव्हते. आता तुम्ही महिला मंडळाच्या सहलीत विचारलंत, कापणीच्या सणाला ताट हातात असताना विचारलंत, परवा एका लग्नात तेव्हाची एक चिमुरडी, आता बारावीला आहे, मेंदीचे हात वर धरून माझ्यापर्यंत आली आणि पहिलं वाक्य काय तर "टीचर, तो पिक्चर तुम्ही मधेच का बंद केला होता?" जय ख्रिस्त नाही, कशा आहात नाही. तर तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. एकदाच लिहिणार.

आधी जे नाहीये ते सांगते, कारण काय काय कानावर आलंय मला माहितीये. सिनेमातले फादर कॅथलिक आहेत म्हणून मी बंद केला, हे साफ खोटं. मुलं घाबरतील म्हणून, हेही नाही, आपली मुलं मोबाईलवर काय काय बघतात ते तुम्हाला माहीत नसेल तर राहू द्या. आणि "ताईचा विश्वास डळमळलाय" असं जे कोणी म्हटलं त्यांना मी एवढंच म्हणेन की डळमळायला आधी तो एका जागी उभा असावा लागतो, माझा तसा नव्हताच कधी, तरी मी दर रविवारी पावणेआठला वर्ग उघडते.

सिनेमा मीच आणला होता हे पण विसरू नका. लिटल बॉय, २०१५ चा. मी तो २०१६ मध्ये पहिल्यांदा पाहिला आणि इतकी रडले की दुसऱ्या दिवशी डोळे सुजून ऑफिसला गेले, आणि मग ग्रुपवर तो भलामोठा मेसेज टाकला होता, आठवत असेल काहींना, "प्रत्येक आईबापाने मुलांना घेऊन पाहावा असा". तो मेसेज लिहिणारी बाई मीच, आणि तिच्याशी माझं अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, अगं सिनेमा आहे, बापासाठी जीव टाकणारं पोरगं आहे, तुला काय एवढं? मी तिला म्हणते, तू नीट बघितलाच नाहीस, तू फक्त पोराचं तोंड बघत होतीस.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसरं महायुद्ध, कॅलिफोर्नियातलं समुद्रकाठचं छोटं गाव. आठ वर्षांचा बुटका मुलगा, गावातली पोरं त्याला चिडवतात, बाप हाच त्याचा एकुलता एक दोस्त, एकमेकांना पार्टनर म्हणतात. मोठ्या भावाचे तळपाय सपाट म्हणून सैन्यात घेत नाहीत आणि त्याच्या जागी बाप जातो, फिलिपिन्सला, आणि तिकडे शत्रूच्या हाती सापडतो. पोराला चर्चमध्ये मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाचं वचन ऐकायला मिळतं, मत्तय १७, डोंगर सरकतो ते. मग त्याला बापाला घरी आणायचंय. फादर त्याला एक यादी देतात, भुकेल्याला जेवू घाल, बेघराला आसरा दे, कैद्याला भेट, मेलेल्याला मूठमाती दे अशी, आणि त्यात स्वतःच्या हाताने एक काम जास्तीचं घालतात, गावातल्या जपानी म्हाताऱ्याशी, हाशिमोटोशी, मैत्री कर. ज्याच्या घरावर ह्याने आणि भावाने दगड मारलेत त्याच्याशी.

ही यादी मला फार आवडली होती, खरं सांगते अजून आवडते. त्या मे महिन्यात, २०१७ च्या व्हीबीएसला, म्हणजे चर्चच्या मुलांच्या सुट्टीतल्या शिबिराला, मी ती चार्टपेपरवर लिहून हॉलमध्ये लावली होती. आणि हाशिमोटोबद्दल मी मुलांना सिनेमाच्या आधी अर्धा तास सांगितलं होतं, की हे काय नुसतं गोष्टीतलं नाही, फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक हुकूम काढला आणि जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरदार, दुकानं, शेतं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांमध्ये नेऊन ठेवलं, त्यातली दोन तृतीयांश तर अमेरिकेचीच नागरिक होती, तिथेच जन्मलेली, तिथल्या शाळेत जाणारी. मुलांनी विचारलं त्यांनी काय केलं होतं? मी म्हटलं काही नाही, तोंडवळा. एका मुलाने विचारलं मग त्यांनी देवाकडे प्रार्थना केली नसेल का? मी म्हटलं केली असेल, आणि पुढचं चालू केलं. तिथेच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

बरं, आता पिन.

तुम्हाला आठवत असेल तर पोरगं रोज समुद्राकडे तोंड करून, जपानच्या दिशेने दोन्ही हात ताणतं, कपाळाच्या शिरा ताठ होईपर्यंत ताणतं, की लढाई थांबावी आणि बाप यावा. आणि मग एके दिवशी पेपर येतो. हिरोशिमावर बॉम्ब पडलाय आणि बॉम्बचं नाव लिटल बॉय. खरंच होतं तसं नाव, ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ, युरेनियमचा बॉम्ब, ज्या विमानातून टाकला त्याला वैमानिकाने स्वतःच्या आईचं नाव दिलेलं. गावातली माणसं ह्या पोराकडे बघून खूश होतात, की बाबा केलंस तू. पोराचं तोंड फुलतं.

आणि आपल्या हॉलमधल्या पस्तीस मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी हॉलच्या मागे उभी होते, हातात सरबताचे ग्लास, आणि पुढच्या सतरंजीवरून एक पोरगं ओरडलं, "प्रार्थना ऐकली!" आम्हीच शिकवलेलं वाक्य, शिबिराचं घोषवाक्य होतं ते त्या वर्षीचं, फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं. आणि मी ग्लास खाली ठेवले आणि जाऊन पिन काढली. विचार वगैरे काही केला नाही. हात गेला.

आता तुमच्यातले जे हुशार आहेत ते म्हणतील, आणि दोघांनी म्हटलंही आहे, की ताई, सिनेमा तिथे थांबत नाही ना. पुढे त्या पोराला स्वप्न पडतं, राख झालेलं शहर दिसतं, आणि युद्ध काही लगेच बापाला परत देत नाही, उलट बाप गेल्याची बातमी येते. म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्याला सिनेमा पुढे चपराक देतोच, तुम्ही ती चपराक मुलांना बसू दिली नाहीत, टाळ्यांवरच बंद केलात. बरोबर आहे. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. अमेरिकेतल्या समीक्षकांनी ह्या सिनेमाला भरपूर झोडपलं होतं, मी नंतर ते सगळं शोधून शोधून वाचलं, मला कोणीतरी माझ्या बाजूचं पाहिजे होतं, पण त्यातले बरेच लोक वेगळ्याच कारणाने चिडले होते, गोडगोड आहे, रडवायला बनवलाय वगैरे. माझं ते म्हणणंच नाही. रडवा की, मी तर तयारच असते.

माझं म्हणणं काय आहे ते सांगायला मला १९९९ ला जावं लागतं.

पप्पा तोफखान्यात होते, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही आधी दोन वर्षं देवळालीला क्वार्टरमध्ये राहिलो होतो, आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये एक काका राहायचे, पप्पांच्याच युनिटचे, पारनेर तालुक्यातले. नाव लिहीत नाही. काकांनी मला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकवलं, मम्मी ओरडायची पोरीच्या जातीला काय शिकवताय म्हणून. त्यांचा मुलगा माझ्याहून वर्षाने लहान, आमची एका सायकलवरून रोज मारामारी व्हायची. मग युनिट वर गेली, आम्ही नगरला आजीकडे आलो, ते गावाकडे गेले. काका सुट्टीवर आले की जाताना नगर स्टेशनवरून गाडी असायची म्हणून आमच्याकडे थांबायचे, पिशवीतून शेंगा काढायचे आणि आजीच्या पाया पडायचे, आजी म्हणायची अरे आमच्यात नाही पडत रे पाया, ते म्हणायचे आमच्यात पडतात.

मेमध्ये कारगिलच्या बातम्या सुरू झाल्या. पप्पांचं पत्र यायचं, त्यावर ५६ एपीओ, म्हणजे सैन्याच्या टपालाचा पत्ता, त्यावरून काहीच कळायचं नाही कुठे आहेत, पण सगळ्यांना माहीत होतं कुठे आहेत. टीव्हीवर डोंगर दिसायचे आणि तोफा दिसायच्या, बोफोर्स, तोफ उडाली की मागे धूळ उठायची, आणि मम्मी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन धुळीत तोंडं बघायची. आणि मग पेट्या दिसायला लागल्या, तिरंग्यात गुंडाळलेल्या. आधीच्या लढायांमध्ये बायकांना हे रोज संध्याकाळी घरात बसून बघावं लागलं नव्हतं, आमच्या आयांना लागलं.

आजी रोज रात्री माझ्याकडून स्तोत्र ९१ म्हणून घ्यायची. ज्यांना पाठ आहे त्यांना माहीत आहे मी कशाबद्दल बोलतेय. तुझ्या बाजूला हजार पडतील, तुझ्या उजव्या हाताला दहा हजार पडतील, पण तुला काही भिडणार नाही. मी नऊ वर्षांची, मी आजीला विचारलं, "आजी, ते हजार जण कोण?" आजी म्हणाली, "ते आपण नाही बघायचं गं. आपण आपलं म्हणायचं."

मी पण यादी केली होती. माझी मीच, मला कोणी फादरांनी दिली नव्हती. क्रीमचं बिस्कीट खायचं नाही, शाळेतून येताना उजव्या पायाने उंबरा ओलांडायचा, प्रार्थना संपेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, उघडले तर पहिल्यापासून. कंपासपेटीत मोहरीचे सात दाणे ठेवले होते, फोडणीच्या डब्यातले. आणि हो, चांदबीबीचा महाल हलवून बघितला होता. गच्चीवरून तो डोंगर दिसायचा, वर ती इमारत, मी दोन्ही हात पुढे करून म्हटलं होतं सरक. सिनेमात ते पोरगं डोंगराकडे हात करतं तेव्हा भूकंप होतो. आमच्याकडे खालून मम्मीने हाक मारली की वाळवण गोळा कर, पाऊस येतोय.

जूनमध्ये एका रात्री लाईट गेली. खरीखुरी गेली, तेव्हा रोजच जायची. त्या दिवशी बातम्यांमध्ये नावं वाचून दाखवली होती, हुद्दा, नाव, गाव, आणि अंधारात सगळे झोपले तरी मला ती नावं ऐकू येत होती. आणि मला अचानक कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं, की रोज इतकी माणसं लागतातच. रोज कोणीतरी न्यायचंच असतं. मग नुसतं पप्पांना नेऊ नको म्हणून कसं चालेल, देव विचारणार, मग कोणाला? त्याच्याकडे यादी आहे, एक नाव खोडलं की दुसरं लागणार. मी गोधडीत तोंड घालून, डोळे गच्च मिटून म्हटलं, कोणाला न्यायचंच असेल तर काकांना ने.

राग नव्हता हो काकांवर. मला लाडकेच होते ते. मला दुसऱ्या कोणाचं नावच माहीत नव्हतं. युनिटमध्ये एवढे शेकडो लोक, मला नावाने ओळखू येणारे दोघंच, एक पप्पा आणि एक ते. आणि नाव न घेता मागितलं तर ते मोहरीच्या दाण्यात बसत नाही असं मला वाटलं, विश्वासाने मागायचं म्हणजे नीट, स्पष्ट मागायचं, संडे स्कूलमध्ये तसंच सांगितलं होतं.

आमेन म्हटलं. डोळे एकदाही उघडले नव्हते.

त्यानंतर किती दिवस गेले ते मला नक्की आठवत नाही, मी अनेकदा मोजायचा प्रयत्न केला, दहा असतील, बारा असतील. शाळा सुरू झाली होती, पाऊस होता, मी घरी आले तर दारात चपला. गल्लीत ज्यांच्याकडे फोन होता त्या मावशी आल्या होत्या, फोन आला होता कुठून तरी, पण तो त्यांच्या मुलाने घेतला होता आणि त्याला एवढंच कळलं होतं की तोफखान्यातले, नगर जिल्ह्यातले, युनिट हेच. नाव त्याने नीट ऐकलं नव्हतं. फोन परत येणार होता. अर्धा तास असेल, पाऊण असेल, आम्ही बसलो होतो. मम्मी खाली बसली होती आणि तिच्या हातात लसणाची अर्धी सोललेली पाकळी होती, ती सोलून झाल्यावर तिने परत दुसरी घेतली, आणि ती ताटलीभर लसूण सोलत गेली. कोणी बोलत नव्हतं. आणि त्या अख्ख्या वेळात तिथे एकटी मी अशी होते जिला नाव माहीत होतं.

परत फोन आला. मावशींचा मुलगा धावत आला, दारातूनच म्हणाला, "तुमचे नाहीत! तुमचे नाहीत, ते पारनेरचे."

आजी म्हणाली, "प्रभूची स्तुती असो."

आणि मग तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मी हे दृश्य विसरू शकत नाही. म्हातारीने आयुष्यभर जे वाक्य दिवसातून पन्नास वेळा म्हटलं, पोळी फुगली तरी म्हटलं, ते तोंडातून निघालं आणि तिने ते परत आत ढकलायचा प्रयत्न केल्यासारखा हात दाबून धरला. मम्मीने आजीकडे बघितलं. मग त्या दोघी रडायला लागल्या, एकमेकींकडे न बघता. मी कंपासपेटी उघडून मोहरीचे दाणे मोरीत टाकले.

आम्ही गावी गेलो, जीपने, मम्मी, आजी आणि मी. पप्पा वरच होते. माळावर सगळं गाव आलेलं, आसपासच्या शाळांची पोरं रांगेत उभी, अमर रहे, चिखल. काकांचा मुलगा नवीन पँट घालून त्याच्या आजोबांच्या शेजारी उभा होता, पँट लांब झालेली, खाली दुमडलेली. मला वाटलं तो माझ्याकडे बघितल्या बघितल्या ओळखेल. त्याने बघितलं, आणि सगळं झाल्यावर माझ्याकडे आला आणि विचारलं, "तुझे पप्पा कधी येणारेत?" नुसतं विचारलं, सायकल कुठाय विचारावं तसं. मी म्हटलं माहीत नाही. बंदुका झाडल्या होत्या सलामीच्या, त्याच्या पुंगळ्या त्याने गवतातून शोधून काढल्या होत्या, म्हणाला माझ्याकडे दोन आहेत, एक तू घे.

ती माझ्याकडे आहे. त्याच कंपासपेटीत. घरात चौघांना माहीत आहे की आहे, कुठून आली ते एकालाही माहीत नाही.

पप्पा दिवाळीच्या सुमाराला आले. डावा कान गेला होता, तोफांनी. मला तेव्हा वाटायचं की हिशेबात थोडे सुट्टे राहिले होते ते देवाने कानात वळते केले.

कारगिलमध्ये गेलेल्यांचा सरकारी आकडा ५२७ आहे. त्यातल्या एकाचं नाव मी सुचवलं होतं.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. पाळकसाहेबही तेच म्हणाले, त्यांना मी चार वर्षांपूर्वी सांगितलं. प्रार्थना म्हणजे हॉटेलात ऑर्डर देणं नव्हे, देव लहान मुलीच्या अशा बोलण्यावर कारभार करत नाही, तू स्वतःला फार मोठी समजतेस, हासुद्धा एक प्रकारचा गर्व. पटतं मला. हे मी स्वतः मुलांना शिकवते, शब्द न शब्द हेच. अडचण अशी आहे की मग पप्पा परत आले तेव्हा आपण मंडळीत साक्ष दिली, आभारस्तुती केली, पेढे वाटले, आजीने सगळ्यांना सांगितलं स्तोत्र ९१ ने वाचवलं, तेव्हा कोणी म्हटलं नाही की प्रार्थना म्हणजे ऑर्डर नव्हे. ते वाचले ते प्रार्थनेने, आणि काका गेले ते प्रार्थनेने नाही. एकाच दुकानात दोन तराजू. पाळकसाहेब गप्प बसले, भला माणूस आहे, म्हणाले आपण मिळून प्रार्थना करू या. केली.

तर त्या दिवशी हॉलमध्ये पोरं ओरडली, "प्रार्थना ऐकली", आणि मला दुसरीकडचं दिसलं. हिरोशिमात त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, त्यांच्यातही कोणी हात ताणून बसलंच असेल. त्यांचं जाऊ द्या, ती बौद्ध, शिंतो, आपली नव्हेत म्हणणारेही आहेत आपल्यात. मग तीन दिवसांनी नागासाकी घ्या. तिथे उराकामी म्हणून भाग आहे, जपानमधल्या ख्रिस्ती लोकांची सगळ्यात मोठी वस्ती, शेकडो वर्षं लपूनछपून विश्वास टिकवलेले लोक, त्यांनी स्वतः पैसे जमवून विटांचं मोठं चर्च बांधलेलं. बॉम्ब त्याच्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर फुटला. त्या वेळी आत जी माणसं होती, फादर धरून, ती तिथेच गेली. आपलीच प्रार्थना म्हणत होती ती, हे आमच्या स्वर्गातील पित्या, फक्त जपानीत.

हे मी मुलांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. पिन काढली, लाईट गेली म्हटलं आणि सरबत वाटलं. म्हणजे आजीने जे केलं तेच मी केलं, ते आपण नाही बघायचं गं. ह्याचा मला सिनेमापेक्षा जास्त राग येतो.

आणि शेवट. शेवटाबद्दल मी अजून कोणाशीच बोलले नाहीये. सिनेमात बाप गेल्याची बातमी येते, घरचे रडतात, आणि मग कळतं की चूक झाली, बाप जिवंत आहे, हॉस्पिटलात आहे, मेला तो दुसराच एक सैनिक, ज्याने बापाच्या वस्तू चोरून घेतल्या होत्या म्हणून ओळखीचा घोटाळा झाला. पहिल्यांदा बघताना मी ह्या जागी ओक्साबोक्शी रडले होते, आनंदाने. "तुमचे नाहीत, तुमचे नाहीत." दुसऱ्यांदा बघताना मला त्या दुसऱ्याचं पडलं. त्याचं नाव आपल्याला लक्षात राहत नाही. तो चोर होता एवढंच राहतं, म्हणजे बरं झालं, मरणारा थोडा वाईट निघाला की बघणाऱ्याला पेढा गोड लागतो. त्याच्या घरी पण फोन गेला असेल ना. त्याच्या घरी लसूण कोणी सोलला? काका तर चोर पण नव्हते, शेंगा आणायचे.

पण मग मी म्हणते, सिनेमा त्या पोराचा आहे, तो दुसऱ्याचा का म्हणून सांगेल. आठ वर्षांच्या पोराला बाप मिळाला की जग संपलं. मलाही पप्पा मिळाले तेव्हा मी स्टेशनवर धावतच गेले होते, काकांचा विचार घेऊन चालत नव्हते गेले. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एका हॉलमध्ये मावत नाही, मला तरी मावलं नाही.

पप्पांना सिनेमा मी त्या शिबिरानंतरच्या आठवड्यात दाखवला, पूर्ण. त्यांना हाशिमोटो आवडला. बॉम्बच्या जागी म्हणाले, "आमचं बरं, आम्ही गोळा सोडायचो, पडला कुठे ते ओपीवाला, म्हणजे पुढे बसून बघणारा, वायरलेसवर सांगणार, जरा डावीकडे घ्या, जरा पुढे घ्या. आपल्याला डोळ्यांनी काही बघावं लागत नव्हतं." मग चहा झाला आणि मी त्यांना सांगायचं ठरवलं. त्यांच्या शेजारी बसून, खाली बघत, सगळं सांगितलं, ती रात्र, गोधडी, काकांचं नाव. अठरा वर्षांनी. संपल्यावर वर बघितलं तर पप्पा म्हणाले, "अगं ह्या कानाने नाही ऐकू येत, इकडून बस, काय म्हणत होतीस?"

मी म्हटलं, काही नाही, अजून थोडा चहा ठेवू का.

फेसबुक त्यांच्याकडे नाहीये. तुम्ही कोणी वाचून दाखवू नका. किंवा दाखवा, उजव्या बाजूला बसून, मला माहीत नाही.

पुढच्या शिबिराला काय दाखवणार हा पण प्रश्न येतोच, म्हणून सांगते, अजून ठरलं नाही. चार्टपेपरवरची ती यादी मात्र मी कपाटात ठेवली आहे, ती खराब नाहीये.

आता हे सगळं आजच का लिहायला बसले, तर मागच्या आठवड्यात काकांच्या मुलाचा मेसेज आला. तो गावाकडेच असतो, कांदा आहे, पिकअप आहे, दर जूनमध्ये पप्पा त्याच्या आईला फोन करतात तेव्हा मलाही दोन शब्द बोलायला लावतात आणि मी बहुतेक वेळा भांडी घासत असते. त्याने लिंक पाठवली होती. "ताई हा पिक्चर बघितला का लिटल बॉय म्हणून. युट्यूबला हिंदीत सापडला. मी तीनदा बघितला, पोरीला पण दाखवला. लय भारी आहे. तुमच्या येशूचा आहे म्हणून तुझी आठवण आली."

मी लिहिलं, पाहिलाय.

त्याचं लगेच आलं, "शेवटपर्यंत?"

आणि मी टाईप करायच्या आत त्याच्याखाली दुसरा मेसेज, "बाप येतो ना शेवटी, तेवढं मी परत परत लावतो," आणि त्याच्याखाली नगर मार्केटचे कांद्याचे भाव, ते त्याने चुकून टाकले असावेत.

मी अंगठा पाठवला.